तंबोऱ्याआड लपलेली करकर: एका जुन्या रिबन जोडीचा व्यवहार

व्यवहार तसा साधा होता. न्यू जर्सीतल्या एडिसनला राहणाऱ्या, सत्तरीला टेकलेल्या एका काकांनी आपली मॅग्नेपॅन एमजी ३.६ ही स्पीकरची जोडी पेनसिल्व्हेनियातल्या एक्स्टनच्या एका तिशीतल्या मुलाला १,६०० डॉलरला विकली. दोघे मराठी, दोघे हौशी, ओळख मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमातली. आठवडा उलटतो न उलटतो तोच डाव्या पॅनेलमधून करकर येते अशी तक्रार निघाली आणि प्रकरण माझ्याकडे आलं. कारण एवढंच की दोघांनाही मी ओळखतो आणि जुने स्पीकर उघडून बसण्याचा मला नाद आहे. दोघांना विचारून, नावं वगळून ते इथे मांडतोय. रिबन स्पीकरच्या जुन्या बाजारात अशी भांडणं नेहमीचीच, आणि बहुतेकदा ती भलत्याच प्रश्नावर होतात. 'खोटं कोण बोलतंय?' यावर माणसं तावातावाने बोलतात. आवाज करणारी धातूची पट्टी, म्हणजे रिबन, नेमकी कधी ढिली पडली आणि ते आज कशावरून ठरवायचं, हे कुणी विचारत नाही.

माल

मॅग्नेपॅन ही मिनेसोटातल्या व्हाइट बेअर लेकची कंपनी, जिम वायनी यांनी १९६९ साली सुरू केलेली. एमजी ३.६ हे तिचं गाजलेलं मॉडेल. २००० च्या सुमारास नवी जोडी चार हजार डॉलरच्या वर जायची; २०११ च्या आसपास तिची जागा ३.७ ने घेतली. पॅनेलची उंची ७१ इंच, रुंदी २४ इंच आणि जाडी दोन इंचांच्याही आत. खोका नाही, शंकू नाही. बासचा आणि मधल्या सुरांचा भाग म्हणजे मायलारचा, पातळ प्लॅस्टिकचा, ताणलेला पडदा आणि त्यावर चिकटवलेला वाहक. एका कडेला मात्र खरी रिबन आहे, वरपासून खालपर्यंत ५५ इंच लांब. तिला मायलारचा आधारसुद्धा नाही. स्वयंपाकघरातल्या फॉइलपेक्षा कितीतरी पातळ अशी ॲल्युमिनियमची पट्टी चुंबकांच्या मधोमध नुसती लटकते, तिच्यातून थेट करंट जातो आणि ती स्वतःच हलून आवाज करते. १,७०० हर्ट्झच्या वरचं सगळं काम या पट्टीकडे.

कल्पना जुनी आहे. जर्मनीत सीमेन्समध्ये शॉटकी आणि गेरलाख यांनी १९२० च्या दशकातच रिबनवर काम केलं होतं. हलकी पट्टी सूर सुरू होताच हलते आणि थांबताच थांबते, म्हणून सतारीचा मिजराब किंवा टाळांचा पहिला ठोका यातून जसा येतो तसा घुमटाकार ट्वीटरमधून, म्हणजे वरच्या सुरांच्या नेहमीच्या छोट्या स्पीकरमधून, सहसा येत नाही. एकदा कान लागला की माणूस सुटत नाही. पण हीच पट्टी या स्पीकरचा सगळ्यात नाजूक भाग आहे आणि जुन्या बाजारात भाव ठरतो तो तिच्यावर. लाकूड, कापड, सीरियल नंबर हे नंतरचं.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. विकणारे सर्रास 'रिबन स्पीकर' म्हणून जे विकतात त्यातलं बरंचसं रिबन नसतं. मॅग्नेपॅनच्याच १.६ मध्ये मायलारवर चिकटवलेल्या पट्ट्या आहेत. कंपनी त्याला क्वासी-रिबन म्हणते. ऐकायला तोही उत्तम स्पीकर आहे, पण बिघडण्याची तऱ्हा वेगळी, दुरुस्ती वेगळी, म्हणून तपासणीही वेगळी. आपण काय विकत घेतोय हे मॉडेल नंबरावरून आधी पाहून घ्यावं.

आणखी एक फरक भावात दिसतो. ॲपोजीसारख्या कंपन्यांचे पूर्ण रिबन स्पीकर आजही लोक जीव टाकून शोधतात. १९८० च्या दशकातलं त्यांचं सिंटिला हे मॉडेल तर एक ओहम एवढ्या कमी रोधासाठी कुप्रसिद्ध होतं; भलेभले अँप (ॲम्प्लिफायर) त्यापुढे मान टाकायचे. पण ॲपोजी बंद पडून जमाना झाला. तिथे पट्टी गेली म्हणजे जुन्या जोड्या जिवंत करणारे मोजके कारागीर शोधायचे आणि त्यांच्या यादीत नंबर लावायचा. मॅग्नेपॅन चालू कंपनी आहे, जुन्या मॉडेलला भाग मिळतात. काकांच्या जोडीला १,६०० आले त्यामागे हा भरवसा होता, आणि पुढे वाद तुटला तोही यामुळेच.

विकायला का काढली

काका घर विकून लहान कॉन्डोत चालले होते आणि वर्षातले सहा महिने पुण्यात राहायचा बेत होता. जोडी पुण्याला न्यावी असं त्यांना फार वाटत होतं. वीज जोडायची गरज नाही, त्यामुळे ११० आणि २२० व्होल्टची कटकट नाही, हा त्यांचा मुद्दा बरोबर होता. पण हे पॅनेल पुढे जेवढा आवाज टाकतं तेवढाच मागे टाकतं. भिंतीपासून तीन-चार फूट पुढे ओढल्याशिवाय त्याला बसायला जागाच मिळत नाही. कोथरूडच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये सोफा, टीव्ही आणि गॅलरीचं दार सोडून अशी दोन पॅनेल उभी करायची म्हणजे पाहुण्यांना वळसा घालून आत यावं लागलं असतं. काकूंनी हॉलचं माप मागवून घेतलं आणि विषय संपवला.

मागितलेली किंमत १,८०० होती. मुलगा १,४०० वरून सुरुवात करणार होता, पण समोर काका, म्हणून १,५०० म्हणाला. काका म्हणाले, "सोळाशे दे आणि घेऊन जा, तू आपलाच आहेस." झालं.

पाहणी, म्हणजे जी झालीच नाही ती

या प्रकरणात सगळ्यात जास्त शिकण्यासारखं काही असेल तर ते इथे आहे, म्हणून जरा रेंगाळतो.

मुलगा शनिवारी सकाळी मिनीव्हॅन घेऊन पोचला. दारात स्वागत, आत कांदेपोहे, चहा. मग काकांनी मोठ्या कौतुकाने यमनाची एक जुनी बैठक लावली. आवाज बेताचा, कारण काकू आत पूजेला बसल्या होत्या. ख्याल लागला, मागे दोन तंबोरे. मुलाच्या म्हणण्याप्रमाणे अंगावर काटा आला. त्यानंतर ठुमरी, तिलाही तंबोरा. त्याच्या फोनमध्ये स्वतःची चाचणीची यादी होती, त्यात एकल पियानो होता, पिंक नॉइज (चाचणीसाठीचा सलग खरखराट) होता. पण त्याने ती काढलीच नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "काकांनी एवढ्या प्रेमाने लावलं होतं, त्यात मी मध्येच शिट्ट्या कशा वाजवू?"

त्याचं मला पटतं, आणि तिथेच घोटाळाही आहे. अनोळखी गोऱ्या म्हाताऱ्याच्या गराजमध्ये हाच मुलगा टॉर्च घेऊन पॅनेलच्या मागे वाकला असता, फ्यूज काढून पाहिले असते, एकेक बाजू बंद करून ऐकली असती. ज्या घरात पोहे खाल्ले तिथे मालावर संशय घेतल्यासारखं करायचं कसं? आपल्या लोकांत जुन्या वस्तूंचे व्यवहार ओळखीत होतात, ओळखीमुळे स्वस्त होतात आणि ओळखीमुळेच तपासणीविना होतात.

पण संकोच एकटाच दोषी नव्हता. तंबोऱ्याचाही हात होता.

तंबोऱ्याची जवारी म्हणजे काय? घोडीवर तार अगदी निमुळत्या कोनात घासत राहते आणि खर्जाच्या एका छेडीतून वरचे स्वर झणझणत उमटत राहतात. तो झणझणाट दोन-तीन हजार हर्ट्झच्याही वर सहज पोचतो आणि अखंड चालू असतो. ढिली रिबन चुंबकाच्या कडेला हलकेच लागते तेव्हा येणारा आवाजही जवळजवळ तसाच, झिणझिण्या आल्यासारखा. त्यामुळे जवारीत ती करकर विरघळून जाते. ऐकणाऱ्याला वाटतं, वा, काय जवारी निघालीय! काका वर्षानुवर्षं याच स्पीकरवर मुख्यतः ख्याल ऐकत आले. त्यात सत्तरीत कानाची वरच्या सुरांची धार कमी होते, हा शरीराचाच नियम आहे. त्यांना दोष दिसला नाही, हे मी डोळे मिटून मान्य करतो.

पैसे झेलने (फोनवरून थेट बँकेत) गेले, पावती नाही. दोन्ही पॅनेल घोंगड्यांत गुंडाळून मिनीव्हॅनमध्ये आडवी ठेवली. सीट पाडल्यावर ७१ इंच बरोबर बसतात. उभी न्यायची तर ट्रक लागला असता. मार्चचा महिना, बर्फ नुकतंच ओसरलेलं, टर्नपाइकवर (टोलच्या महामार्गावर) खड्डे उघडे पडलेले. दीड-पावणेदोन तासांचा रस्ता.

तक्रार

एक्स्टनला जागा ठरवून, तारा जोडून मुलाने पहिल्यांदा पियानो लावला. वरच्या सप्तकांत काही स्वरांना डावीकडून बारीक करकर. त्याने काकांना फोन केला. फोनवर नेमकं काय बोलणं झालं याच्या दोन आवृत्त्या मी ऐकल्यात. मुलाच्या मते त्याने फक्त एवढंच विचारलं, "काका, तुमच्याकडे असं कधी व्हायचं का?" काकांनी ऐकलं ते असं की तुम्ही मला बिघडलेला माल दिलात.

मला फोन आला तेव्हा काका तापलेले होते. "अरे, वीस वर्षं जपली मी ती जोडी. ह्याने गाडीत कशी आदळली कोण जाणे, आणि आता माझ्यावर! मी काय कुणाच्या गळ्यात माल मारणारा माणूस आहे का?"

कायद्याने बघायचं तर मुलाच्या हातात फारसं काही नव्हतं. खासगी माणसाने विकलेली जुनी वस्तू अमेरिकेत सहसा जशी आहे तशीच विकली असं धरलं जातं. दुकानदाराला लागू होणारी मालाची हमी घरच्या विक्रीला लागू होत नाही. विकणाऱ्याने स्वतःहून हमी दिली असेल किंवा मुद्दाम खोटं सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी. इथे हमी कुणी दिली नव्हती आणि खोटंही कुणी बोललं नव्हतं. मग उरला तो दोघांच्या मनाचा प्रश्न, आणि त्याला कोर्ट नाही.

तपास

मी एक्स्टनला गेलो तो जाताना कोणाची बाजू घ्यायची नाही एवढं ठरवून. पहिलं काम, दोष खरंच पॅनेलचा आहे का ते पाहणं. अँपच्या डाव्या-उजव्या तारा उलट केल्या. करकर डाव्या पॅनेललाच राहिली. म्हणजे अँप, प्री-अँप, तारा सुटल्या. ३.६ ला क्रॉसओव्हर, म्हणजे वरचे-खालचे सूर वाटून देणारं सर्किट, बाहेरच्या वेगळ्या डब्यांत असतो, हे तपासणाऱ्याचं भाग्य. डबे अदलाबदल केले. करकर तरीही डाव्या पॅनेललाच. आता संशय पॅनेलवरच आला.

मग मोनो सिग्नल, एकच बाजू चालू, आवाज बेताचा, आणि हळूहळू चढत जाणारा शुद्ध सूर. सव्वा-दीड हजारापर्यंत स्वच्छ. अठराशेच्या आसपास पहिली झिणझिण, दोन हजारांवर स्पष्ट, अडीच-तीन हजारांनंतर विरून गेली. हे चित्र बोलकं होतं. रिबनचं काम जिथे सुरू होतं तिथेच तिला सगळ्यात जास्त हलावं लागतं. जितका सूर उंच तितकी हालचाल बारीक. म्हणून ढिली पट्टी आपल्या वाट्याच्या सुरांतल्या सगळ्यात खालच्या सुरांना चुंबकाच्या कडेला लागते आणि वरती गप्प बसते. पियानोच्या वरच्या भागातला १,७६० हर्ट्झचा स्वर नेमका तिथेच पडतो, म्हणून मुलाला तो खटकला. उजवं पॅनेल त्याच चाचणीत पूर्ण स्वच्छ.

मुलाने आधीच मल्टिमीटर लावून पाहिला होता आणि दोन्ही बाजूंचा रोध सारखा आला म्हणून तो गोंधळला होता. यावर बरेच जण फसतात. मल्टिमीटर पट्टी तुटलीय का एवढंच सांगतो. ती ताणून लांबली असेल, लोंबत असेल, तरी आकडा जवळपास तोच. जाहिरातीत 'मीटरवर दोन्ही बाजू सारख्या' असं लिहिलेलं दिसलं तर ते खरं असतं आणि निरुपयोगीही.

बासकडेही पाहून घेतलं, कारण जुन्या मॅग्नेपॅनमध्ये गोंद म्हातारा होऊन मायलारवरची तार सुटते आणि खर्जात फडफड होते. चाळीसपासून शंभर हर्ट्झपर्यंत सूर सोडला, काही नाही. बास धडधाकट होता.

आता मूळ प्रश्न: ही पट्टी एडिसनला ढिली होती की टर्नपाइकवर झाली? प्रवासाच्या बाजूने एक मुद्दा जरूर होता. रिबन मायक्रोफोन उभे ठेवावेत, आडवे ठेवले तर पट्टी स्वतःच्या वजनाने लोंबते, हे स्टुडिओवाले पोरांना पहिल्या दिवशी शिकवतात. ५५ इंचांच्या पट्टीला हे लागू नाही असं कोण म्हणेल? पण दोन्ही पॅनेल त्याच गाडीत, तशीच आडवी, त्याच खड्ड्यांतून आली होती आणि डावं वर होतं, उजवं त्याच्याखाली. खालचं स्वच्छ, वरचं बिघडलेलं. नुसता प्रवास कारण असता तर हे जरा चमत्कारिक होतं.

मग फ्यूज पाहिले. ट्वीटरला स्वतंत्र फ्यूज असतो तो याच पट्टीला वाचवण्यासाठी. उजव्या बाजूचा मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या अँपिअरचा, काच धुरकटलेली, म्हणजे बहुधा मूळचाच. डाव्या बाजूचा नव्यासारखा चकचकीत आणि दुप्पट अँपिअरचा. काकांना प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी चिकटवायची सवय. डब्यावरही 'डावा' आणि पॅनेलच्या पाठीवरही 'डावा', त्यांच्याच अक्षरात. तेव्हा डबे मध्ये कधी बदलले असतील ही शंकाही उरली नाही.

फ्यूज तळहातावर ठेवून काकांना व्हिडिओ कॉल लावला. मी आरोप केला नाही, नुसतं विचारलं, "काका, हा फ्यूज कधी बदलला होता आठवतंय?" ते जरा थांबले. मग म्हणाले, "अरे, आमच्या मुलाच्या ग्रॅज्युएशनची पार्टी. पोरांनी ढोल-ताशा लावला होता. मी बाहेर बार्बेक्यूवर होतो. आत आलो तर एका बाजूचा वरचा आवाज गेलेला. मग मुलानेच हार्डवेअरच्या दुकानातून फ्यूज आणून टाकला आणि सुरू झालं. मी म्हटलं, बरं झालं."

तेव्हा त्यांच्याकडे साधा एव्ही रिसीव्हर होता, हेही बोलण्यात आलं. इथे आकडा समजून घ्यायला हवा. ३.६ ची संवेदनशीलता (ठरावीक वीज दिल्यावर किती मोठा आवाज येतो ते) ८६ डेसिबल लिहितात, पण ती २.८३ व्होल्टला आहे आणि स्पीकर चार ओहमचा. म्हणजे एक वॉट नव्हे, दोन वॉट देऊन ८६. एका वॉटला धरलं तर ८३. असा स्पीकर मोठ्या आवाजात ढोल-ताशाला लावायचा म्हणजे रिसीव्हरचा दम निघणारच. दम निघाला की लाटेची टोकं छाटली जातात, त्यातून वरच्या सुरांचा भलता करंट तयार होतो आणि तो थेट पट्टीकडे जातो. त्यात ताशाचा कडकडाट मुळातच वरच्या सुरांतला. पहिल्या फ्यूजने उडून आपलं काम केलं होतं. दुसरा दुप्पट ताकदीचा घातल्यावर उरलेल्या पार्टीत पट्टीचं रक्षण करायला कुणी नव्हतं. गरम होऊन ॲल्युमिनियम ताणलं गेलं, की परत आखडत नाही.

हिशोब

माझं मत मी दोघांना असं दिलं: पट्टीला इजा झाली ती त्या पार्टीत. गाडीतल्या प्रवासाने त्यात थोडी भर घातली असेल, नसेलही. काकांना हे माहीत नव्हतं, पण माल त्यांच्या ताब्यात असताना बिघडला होता. तेव्हा पट्टीची किंमत काकांनी द्यावी. मजुरी आणि धावपळ मुलाने सोसावी, कारण तपासायची संधी त्याला होती आणि आडवी नेण्याचा निर्णयही त्याचाच.

'निम्मं-निम्मं करून टाका' असं सुचवणारे दोन मित्र मध्ये पडले होते. मला ते पटलं नाही. निम्मं करायचं ते काहीच कळत नसताना. इथे फ्यूज समोर होता.

काकांनी वेगळंच काढलं. म्हणाले, सगळे सोळाशे परत घे आणि जोडी आणून ठेव. हे उदार वाटतं, पण त्यात राग होता. व्यवहार मोडला की आपण फसवलं नाही हे सिद्ध होतं, असं त्यांना वाटत होतं. त्यातून घर रिकामं करायची तारीख तोंडावर आलेली. मुलगा म्हणाला, "काका, मला पैसे नकोत हो, स्पीकर हवेत. असा आवाज मी आजवर ऐकला नाही." यावर काका पाघळले. पट्टीचे पैसे त्यांनी त्याच संध्याकाळी पाठवले, वर काकूंनी दिलेला बेसनाच्या लाडवांचा डबा, तो न्यायला मात्र मुलाला पुन्हा एडिसनला यावं लागलं.

दुसरा मार्ग होता: जुनीच पट्टी सोडवून, चिमटून पुन्हा ताणायची. माझ्या स्वतःच्या जोडीवर मी तो प्रयोग केला असता. ज्या जोडीवरून दोन माणसांत वाद झालाय तिच्यावर नाही. तीन महिन्यांनी पुन्हा करकर आली तर दोष पट्टीचा, माझ्या हाताचा की पुन्हा काकांचा, हे कुणी सांगायचं? कारखान्याला फोन करून मॉडेल आणि सीरियल नंबर सांगितला. भाग यायला काही आठवडे गेले.

पट्टी बसवताना

हे काम घरी करता येतं, पण घाई करणाऱ्याचं नाही. आधी खोलीतला पंखा बंद, हीटरची जाळी कागदाने झाकलेली. पॅनेल टेबलावर आडवं, कडेच्या लाकडी पट्ट्या काढल्या, मग कापडाचे स्टेपल. खरा धोका हे स्टेपलच. एक निसटला आणि टक्कन उडून चुंबकाला चिकटला, पट्टीपासून बोटभर अंतरावर. चुंबकावरून लोखंड ओढून काढायचं नसतं, हात सटकला की पट्टी गेलीच. चिकटपट्टीचा तुकडा बोटाला उलटा गुंडाळून तो अलगद उचलला. त्यानंतर प्रत्येक स्टेपल काढला की वाटीत टाकायचा आणि वाटी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला. स्क्रूड्रायव्हर पितळी. मुलगा सवयीने व्हॅक्यूम क्लीनर आणायला निघाला होता, त्याला दारातच थांबवलं. ओढणारी हवा काय, फुंकर काय, या पट्टीला दोन्ही सारखेच जीवघेणे.

जुना भाग बाहेर काढून आडव्या उजेडात धरला तेव्हा दिसलं. वरचा तृतीयांश भाग नीट, पण मधल्या भागात पट्टीच्या घड्या जवळजवळ सपाट झाल्या होत्या आणि तिथे ती एका बाजूला झुकून चुंबकाच्या कडेला टेकत होती. कडेवर एक बारीक चकाकती रेघ होती, घासून झालेली. दीड-दोन तासांच्या प्रवासात अशी रेघ पडत नाही. ती पडायला बरंच गाणं वाजावं लागतं. मी फोटो काढून काकांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं: "समजलं."

नवा भाग बसवून, कापड परत ताणून तोच चढता सूर सोडला. अठराशे, दोन हजार, अडीच हजार, सगळं स्वच्छ. मोजणीच्या मायक्रोफोनने दोन्ही बाजूंच्या आलेखरेषा काढल्या, त्या जवळजवळ एकावर एक बसल्या. वीस वर्षांच्या पट्टीशेजारी नवी पट्टी चटकन वेगळी कळेल अशी भीती असते. इथे कानाला तरी फरक लागला नाही. दोन्ही बाजूंना मॅन्युअलप्रमाणे फ्यूज घातले आणि त्याच मापाचे चार जादा फ्यूज डाव्या पॅनेलच्या पाठीला पिशवीत चिकटवून ठेवले, म्हणजे रात्री अकराला कुणी हार्डवेअरच्या दुकानात जाणार नाही.

आता या जोडीचा भाव

यावर हौशी लोकांत मतभेद आहेत. 'एका बाजूची पट्टी बदललेली' असं जाहिरातीत वाचलं की बरेच जण दोन-तीनशे डॉलर तोडून मागतात, जणू अपघात झालेली गाडी. मला हे उलटं वाटतं. अस्पर्श जोडी म्हणजे पट्टी कशी आहे हे कुणालाच माहीत नसलेली जोडी. बदललेली पट्टी, कारखान्याचं बिल, दोन्ही बाजूंचे आलेख आणि योग्य फ्यूज असलेली जोडी माझ्या लेखी जास्त मोलाची. एडिसनला होती त्या अवस्थेत, सगळं माहीत असतं तर, मी १,२०० च्या वर गेलो नसतो. आज आहे तशी १,६०० ला निःशंक घेईन. पण बाजार माझ्या मताने चालत नाही, आणि मुलाला लगेच विकायची असती तर त्याला पंधराशेच आले असते.

आपल्या ओळखीत असा व्यवहार असेल तर एक उपाय मी आता सगळ्यांना सांगतो. तपासणी घेणाऱ्याने मागायची नाही, विकणाऱ्यानेच आधी करून दाखवायची. चहा टाकायच्या आधी. एकेक बाजू, मोनो, हजारापासून पाच हजारांपर्यंत हळू चढणारा सूर, मग तंबोरा नसलेलं काहीतरी, आणि दोन्ही फ्यूज काढून टेबलावर. वीस मिनिटं लागतात. मग कुणाचा अपमान व्हायचा प्रश्न येत नाही आणि पोहेही गरम राहतात.

उजवी पट्टी अजून मूळचीच आहे. तीही बदलून टाकू का, असं मुलाने विचारलं. चाचणीत स्वच्छ असलेली पट्टी उघडण्यात नफा काहीच नाही, जोखीम मात्र आहे, म्हणून नको म्हटलं. पुढे कधी ती बोलायला लागली तर खर्च पूर्ण त्याचा, काकांचा संबंध नाही. हे दोघांनी दोन ओळींच्या ई-मेलमध्ये लिहून ठेवलंय आणि एक प्रत मला पाठवलीय.